हात दिसतील असा टॅब

माझी धाकटी बहीण धम्मशीला, घरात शीला. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पालमच्या बसस्टँडमागं तिचं शिलाईचं दुकान आहे आणि लग्नसराईत तिच्याकडं ब्लाउज टाकायचा तर महिनाभर आधी सांगावं लागतं. मी तिथल्याच शाळेत शिकवते. बाजारात लोक मला थांबवून तिच्या प्रवासाची गोष्ट विचारतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावी.

शीला परभणीच्या निवासी शाळेत शिकली. हातांची भाषा तिथं शिकली आणि सुट्टीत घरी येऊन आम्हाला शिकवली. घरातल्या प्रत्येकाला तिनं खुणेचं नाव दिलंय. आईचं नाव म्हणजे हनुवटीवर बोट, कारण आईला तिथं गोंदण आहे. माझं नाव म्हणजे चष्मा. पुढं जिथं 'शीला म्हणाली' असं येईल, तिथं ती हातांनी म्हणाली असं समजा.

ती कुठंही निघाली की आई सोबत असायची. दवाखाना, बँक, परभणीला अस्तर आणि लेस आणायला, सगळीकडं. कंडक्टर काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाला, ते आई खुणांनी सांगायची. शीला तिशी ओलांडून गेली, स्वतःच्या कमाईवर दुकान चालवायला लागली, तरी एस.टी.त तिच्या शेजारची जागा आईचीच.

तिची शाळेतली मैत्रीण भक्ती लग्न होऊन सिकंदराबादला गेली. तिलाही ऐकू येत नाही. दोघींच्या गप्पा व्हिडिओ कॉलवर चालतात. श्रावणात भक्ती म्हणाली, "आठ दिवस ये. कामासाठी नको, नुसती फिरायला ये."

शीलानं त्याच दिवशी घरात जाहीर केलं, "मी जाणार. एकटी."

आई चुलीपुढून उठली. "एकली कशी जायलीस? रेल्वेत कुणी काय इचारलं तर? गाडी बदलायला सांगितली तर? कामून येवढी घाई, मी येते की."

शीला म्हणाली, "तू आलीस की मी खिडकीतून बघते आणि तू माझ्यासाठी ऐकतेस. तुला मग बघायलाच मिळत नाही."

आई परत भाकरी थापायला बसली. शीला माझ्याकडं वळली. "मला टॅब घ्यायचाय. तू परभणीला चल, पण मध्ये बोलायचं नाही."

फोन होता तिच्याकडं, पण त्याच्या पडद्यावर भक्तीचे हात बोटभर दिसायचे आणि निम्मं वाक्य बाहेर जायचं. शिवाय प्रवासात तिला सिनेमे बघायचे होते, खाली ओळी येतात तसले. आणि समोरचा माणूस बोलला की ते लिहून दाखवणारी सोय तिला मोठ्या अक्षरांत हवी होती. गेल्या दिवाळीच्या शिलाईतून बाजूला ठेवलेल्या पैशांत बसेल असा टॅब घ्यायचा होता, म्हणजे महागड्यांकडं बघायचंच नव्हतं.

परभणीत स्टेशन रोडला बालाजी नावाच्या तरुणाचं दुकान आहे. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि पहिलाच टॅब सुरू करून गाणं लावलं.

"ताई, आवाज बघा ह्याचा! चार स्पीकर हायेत. सगळं घर दणाणतंय."

शीलानं टॅबवर तळहात ठेवला, काच थरथरते का ते पाहिलं आणि हसायला लागली. मी न राहवून म्हणाले, "भाऊ, तिला ऐकू येत नाही."

बालाजीचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं गाणं बंद केलं. शीलानं डोळ्यांनीच मला दटावलं आणि फोनवर टाइप करून त्याच्यापुढं धरलं: 'आवाज छान असेल. मला कॅमेरा बघायचाय.'

मग जे चाललं ते बघायला शेजारच्या दुकानातली माणसंही आली. टॅब आडवा टेकवून ती त्याच्यापुढं बसली आणि भक्तीला कॉल लावला. पहिल्या टॅबचा पुढचा कॅमेरा लहान बाजूला होता. आडवा ठेवला की शीला एका कडेला सरकायची आणि तिचा डावा हात गायब. तो बाजूला गेला. दुसऱ्याचा कॅमेरा बरोबर मध्ये होता, पण हात भराभर हलवले की पडद्यावर नुसती पांढरी रेघ उठायची. भक्तीनं तिकडून कपाळावर हात मारला. तोही गेला.

तिसऱ्यात दोघी स्वच्छ दिसल्या. बालाजी खूश झाला. "हा वायफायवाला हाय ताई, लय स्वस्तात बसतो. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं की झालं." आता तो फोनवर टाइप करूनच तिच्याशी बोलायला लागला होता.

शीलानं मान हलवली आणि लिहिलं: 'माझ्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. फोन मेला की टॅब मुका होईल. सिम आत बसणारा द्या.'

'मुका' हा शब्द वाचून बालाजीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि ती हसतेय हे दिसल्यावर तोही हसला. माळ्यावर चढून त्यानं त्याच टॅबचा सिमवाला डबा काढला. रंग तेवढा तिला आवडला नाही, मळक्या पाण्यासारखा होता. पण तिनं आपलं सिम त्यात घातलं आणि टॅब घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात जाऊन उभी राहिली. अक्षरं दिसतात का, नेटवर्क धरतंय का, सगळं बघितलं. थरथरून जागं करण्याची सोय मात्र त्यात नव्हती. बालाजीनं प्रामाणिकपणे सांगितलं की या किमतीत ती मिळायची नाही. तिनं विचार केला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ते थरथरतं, तेवढं पुरे.

दुकानातून निघताना बालाजीनं टॅब उभा राहील असं कव्हर आपल्याकडून दिलं. मी अख्ख्या वेळात एकच वाक्य बोलले होते, आणि तेही नको होतं.

ऑगस्टमधल्या एका पहाटे आम्ही तिला परभणी स्टेशनवर गाडीत बसवलं. आई गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होती.

पुढचं मला शीलानं सांगितलं, आणि काही तिच्या डब्यातल्या माणसांनी नंतर फोनवर.

दहा-साडेदहापर्यंत प्रवास मजेत झाला. तिनं एक सिनेमा संपवला आणि नकाशावर गाडीचा निळा ठिपका सरकताना पाहिला. मग तेलंगणात शिरल्यावर एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली ती थांबलीच. जोराच्या पावसानं पुढं रुळावर पाणी आलं होतं, पण हे डब्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. वीज गेल्यामुळं स्टेशनवरचे भोंगेही बंद होते. इतक्यात एक म्हातारा रेल्वे कर्मचारी दाराशी येऊन तेलुगूत काहीतरी सांगू लागला. त्याची मोडकीतोडकी हिंदीही कुणाला कळेना. त्या डब्यात उरलेली सगळी परभणी-हिंगोलीकडची माणसं. ती म्हाताऱ्याच्या ओठांकडं बघत होती, एकमेकांकडं बघत होती, आणि पुन्हा ओठांकडं.

शीला मला नंतर म्हणाली, "मी सगळ्यांचे चेहरे बघितले. माझा चेहरा रोज तसाच असतो."

ती उठली. टॅबवर तेलुगूतून मराठी करायची सोय लावली, गर्दीतून वाट काढत दाराशी गेली आणि टॅब म्हाताऱ्याच्या तोंडापुढं धरून 'बोला' अशी खूण केली. तो बोलला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली: पुढे पुलाजवळ पाणी आहे. गाडी पुढे जाणार नाही. सिकंदराबादच्या लोकांसाठी बाहेर बस उभ्या आहेत. तिकीट जपून ठेवा.

तिच्यामागं पिंगळीचे महारुद्रकाका उभे होते, रिटायर्ड क्लार्क. त्यांनी ते मोठ्यानं डब्याला वाचून दाखवलं. मग एकच गलका उठला. बस कुठं? सामान कुठं ठेवायचं? रांगेत थांबायचं का? ज्याला जे विचारायचं तो ते मराठीत टॅबपुढं बोलायचा, ते तेलुगूत व्हायचं, म्हाताऱ्याचं उत्तर मराठीत यायचं. शेजारच्या डब्यातले लोकही येऊन उभे राहिले. शीला मधोमध उभी राहून हातानं खुणावत होती: आधी तुम्ही, मग तुम्ही. कुणी दोघं एकदम बोलले की ती तळहात वर करायची आणि सगळे गप्प व्हायचे.

डब्यात धुरपताबाई म्हणून एक म्हाताऱ्या होत्या, मुलाकडं निघालेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्या घाबरून रडकुंडीला आल्या होत्या. शीलानं त्यांचं गाठोडं एका खांद्याला लावलं, त्यांचा हात धरला आणि चिखलातून बसपर्यंत नेऊन खिडकीपाशी बसवलं.

मी शाळेच्या मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात तिचा कॉल आला. पडद्यावर ती बसमध्ये, केस भिजलेले, मागं धुरपताबाई मला नमस्कार करतायत. मी विचारलं, "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आत्ता बोलू नकोस, मी कामात आहे," ती म्हणाली आणि कॉल बंद. मी डबा तसाच ठेवून स्टाफरूममधल्या सगळ्यांना सांगत सुटले.

संध्याकाळी आईचा फोन वाजला. धुरपताबाईंनी मुलाला फोन लावायला सांगितला होता. शीलाच्या फोनवरून आईचा नंबर त्यांनी मागून घेतला होता. आईनं स्पीकर लावला.

"बाई, तुमची लेक लय गुणाची हाय. आमाला समद्याला कान हायेत, पर तिच्यामुळं रस्ता घावला. फिकीर करू नगा तिची."

आईनं "व्हय बाई, व्हय," एवढंच म्हटलं. फोन ठेवून ती बुद्धवंदनेला बसली. तिचा चेहरा उजळला होता.

शीला सिकंदराबादला आठाचे दहा दिवस राहिली. भक्तीबरोबर चारमिनार, तलाव, प्राणिसंग्रहालय, सगळं फिरली. रोज व्हिडिओ पाठवायची, आणि त्यात आधी ती जागा दिसायची आणि मग तिचे बोलणारे हात. परतताना तिनं मला स्टेशनवर येऊ दिलं नाही. परभणीला उतरून अस्तर खरेदी केलं आणि एस.टी.नं पालमला येऊन थेट दुकान उघडलं. डिसेंबरात ती आणि भक्ती सांचीला चालल्या आहेत. तिकिटं झाली.

दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना ही गोष्ट आई सांगते, तिनं स्वतः पाहिल्यासारखी. पहिल्यांदा सांगितली तेव्हा गोष्टीत एक डबा होता. आता अख्खी गाडी असते, आणि परवा तर स्टेशनमास्तरही येऊन शीलापुढं उभा राहिला होता. शीला मशीनवरून मान वर करून आईच्या ओठांकडं बघते. गोष्ट वाढलेली तिला कळते. ती हसते आणि पुढची शिवण धरते.