निवळलेले डोळे

कल्पना करा, भूल दिलेला उंदीर तुमच्या डाव्या तळहातावर आहे. मायक्रोस्कोपखाली त्याचा डोळा दिसतोय, मिरीच्या दाण्याहून लहान, आणि त्यातली बहुतेक जागा डोळ्यातल्या भिंगानंच अडवलेली. केसासारखी सुई भिंगाच्या कडेकडेनं मागे न्यायची आणि तिथं लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, थोड्याशा पेशी सोडायच्या. भिंगाला सुई लागली की डोळा पांढरा पडतो आणि उंदीर फुकट जातो. श्वास रोखून धरलात तर हात उलट जास्तच थरथरतो.

आमच्या प्रयोगशाळेत हे काम जी करते तिला सगळे तोफ म्हणतात. अर्थात तिच्या पाठीमागे. समोर ताई.

हे काम तिनं मागून घेतलं ते मामांमुळे. तिला लहानाचं मोठं त्यांनीच केलं. मामा बस चालवायचे. एका डोळ्यापुढे धुकं यायला लागलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूज आहे म्हणून स्टेरॉइडचे थेंब दिले. डोळा निवळला, मामा पुन्हा बसवर रुजू झाले. मग एके दिवशी भर चौकात बस थांबवून त्यांनी मागे वळून विचारलं, "आता कुठं वळायचं?" प्रवासी हसले. मामांना गंमत करायची सवयच होती. पण डोळ्यात ती सूज नव्हतीच, हाच लिम्फोमा होता, आणि तोवर मेंदूत गाठ झालेली होती.

अलीकडचीच गोष्ट. अर्ध्या उंदरांना नवं औषध चालू होतं, अर्ध्यांना तुलनेसाठी नुसतं सलाइन. आठवड्याची सुट्टी संपवून ती आली, तर आधी गढूळ दिसणारे डोळे लख्ख झालेले. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश.

"औषध लागू पडलं म्हणायचं."

"सर, सलाइनवाल्यांचेही डोळे स्वच्छ आहेत. सलाइनचंही पेटंट घ्यायचं का?"

ती तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. पिंजऱ्यांची देखभाल त्यांच्याकडे.

"यांच्या डोळ्यांत काय घातलंत?"

"स्टेरॉइडचे थेंब. अगं, लाल डोळे घेऊन कोपऱ्यात बसायचे बिचारे. बघवेना."

"मला विचारायचं तरी."

"दुखऱ्या डोळ्याला औषध घालायला विचारायचं काय त्यात?"

"मामांच्या डॉक्टरांनाही असंच बघवलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिनं हातमोजे ओरबाडून काढले. त्या दिवशी तिनं कुणाकुणाला काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

औषधाचा गुण कुठला आणि थेंबांचा कुठला, हे आता कळणार नव्हतं. सरांनी निर्णय दिला: प्रयोग बाद. उंदरांना भूल देऊन संपवायचं, पिशव्या भट्टीत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आधी मेंदू कापून बघू," ती म्हणाली.

"आपला अभ्यास डोळ्याचा आहे."

"हे त्या पेशींना कुणी सांगितलंय?"

"बाद झालेल्या प्रयोगावर आणखी वेळ घालवायचा?"

"माणसांत नेमकं हेच होतं, सर. थेंब घालतात, डोळा निवळतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. चुकून का होईना, तेच आपल्या हातात आलंय. आणि आपण ते जाळणार?"

सर म्हणाले, "कर बाई. पण तुझं तू कर."

डॉक्टर न बोलावता मदतीला आले. तिनं त्यांना नाही म्हटलं नाही, बसायला स्टूलही दिलं नाही. दोघांनी उभ्यानंच काम केलं.

स्लाइड तयार झाल्या. काही मेंदू स्वच्छ होते. काहींत रक्तवाहिन्यांभोवती रंग देऊन जांभळ्या झालेल्या कर्करोगाच्या पेशींची दाटी दिसत होती, आणि त्या उंदरांचे डोळे वरून अगदी लख्ख होते.

"म्हणजे डोळ्यातून मेंदूत गेलं तर," डॉक्टर हळूच म्हणाले.

"कधी?"

थेंब सुरू होण्याआधी एकाही उंदराचा मेंदू कुणी पाहिलेला नव्हता. मामांचाही पाहिला नव्हता.

सरांनी नव्या प्रयोगात मेंदूही घेतलाय. डॉक्टर आता थेंबाची बाटली उघडण्याआधी तिला विचारतात. तिचा राग काही उतरलेला नाही. सुई भरता भरताच ती समोर असेल त्याला विचारते: डोळा निवळला त्या दिवशी त्या पेशी मेंदूत आधीच जाऊन बसल्या होत्या, की आपण खूश होतो तेवढ्या दिवसांत गेल्या?