उधना ते नवापूर: मागे होडी, होडीत अख्खी गल्ली

माझा भाऊ बापू उकाई धरणाच्या पाण्यावर मासेमारी करतो. त्याची होडी फुटली आणि घरची कमाई थांबली. म्हणून सुरतजवळच्या हजीरा बंदरावरून एक जुनी फायबरची होडी ट्रेलरसकट घेतली आणि ती नवापूरजवळच्या त्याच्या गावी पोचवायचं ठरवलं. विकणाऱ्याने बजावलं होतं, ‘सामान भरू नका. भरलंच तर पुढे, गाडीच्या बाजूला. मागे वजन गेलं की ट्रेलर झोकांड्या खातो.’

पण होडी आमच्या उधन्याच्या गल्लीत मुक्कामाला आली, तिथेच घोळ झाला. इथे सगळे नवापूरकडचेच. सकाळी शेजारच्या सिंधू मावशी गावच्या घरी पाठवायला कूलर घेऊन हजर.

‘‘गावले जाऱ्हायनात ना? मंग एवढा लई जा. जागा तं शे.’’

त्यांच्यामागून शिलाई मशीन, साड्यांची गाठोडी, कुणाचा तरी पाटा. सगळं मागच्या टोकाला, कारण तिथून चढवायला सोपं! माझा नवरा विलास कुणालाच नाही म्हणत नाही. मी ओरडले तर गल्लीने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच कंजूष.

पलसाण्यानंतर धुळ्याकडचा हायवे छान आहे. बारडोलीला पात्रा, म्हणजे गुजराती अळूवडी, आणि चहा घ्याच. थांबल्यावर पट्टे, साखळ्या आणि मागचे दिवे तपासा. टोलला ट्रेलरचे वेगळे पैसे लागतात का, आधी विचारून ठेवा. चहावाला हसत म्हणाला, ‘‘बेन, होडी क्यां लई जाव छो? दरियो तो पाछळ रही गयो!’’ समुद्र मागे राहिला हे खरंच, पण मला हसू आलं नाही. माझं लक्ष त्या कूलरवर होतं.

व्याऱ्याच्या अलीकडे उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. गाडीसुद्धा ओढली जायला लागली. विलास ब्रेक दाबणार, तेवढ्यात मी किंचाळले, ‘‘ब्रेक नको! पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर!’’ आरशात स्कूटरवर एक बाई आणि मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. होडीचं टोक त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेलं. गाडी हळूहळू सावरली. बाई शिव्या देत निघून गेली, आणि एकही शिवी चुकीची नव्हती.

कडेला थांबून मी सगळं उतरवायला लावलं. पाटा, मशीन, गाठोडी गाडीत. कूलर मावेना, तो व्याऱ्यात विलासच्या मित्राकडे ठेवला. माझा संताप आवरत नव्हता. ज्यांनी सामान चढवलं, त्यांच्यातलं कुणी त्या स्कूटरवर नव्हतं ना! पुढे नवापूरपर्यंत साठच्या आत चालवली आणि ट्रेलर गुमान मागे आला.

होडी पाण्यात उतरली तेव्हा बापू कंबरभर पाण्यात उभा राहून नुसता तिच्या कडेवरून हात फिरवत होता. तेवढ्यापुरता राग विसरले.

रिकामा ट्रेलर घेऊन परतलो. गल्लीत शिरताच सिंधू मावशींचा पहिला प्रश्न, ‘‘मना कूलर पोचना का?’’ आम्ही पोचलो का, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. कूलर व्याऱ्यात आहे म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं, पण लगेच ट्रेलरकडे बोट. ‘‘आते तं रिकामा शे. पुढला टायमाले मनं कपाट लई जाशात?’’

मी तोंड उघडणार, तोच विलास बोलला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला.

‘‘नही, मावशी. ट्रेलरना मांगे रस्तावर लोके ऱ्हातस.’’