खंडेनवमीचा संगणक

आमच्या शाळेत सात संगणक होते आणि मला त्या सातांचीही भीती वाटायची. मी मराठी आणि इतिहास शिकवते. विज्ञानाचे सर बदलून गेले तेव्हा संगणकखोलीची किल्ली कुणाकडे द्यायची असा प्रश्न निघाला, आणि नेमकी त्या दिवशी मी रजेवर होते. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायची आमच्या शाळेची जुनी रीत आहे. दुसऱ्या दिवशी आले तर किल्ली माझ्या टेबलावर, तीही शेजारी पेढा ठेवून.

संगणक कुठल्याशा कचेरीतून जुने झाले म्हणून आमच्याकडे आलेले. सुरू केले की पडदा काळाठिक्कर, आणि कोपऱ्यात सूचना, की आतल्या प्रणालीची ही प्रत अस्सल नाही. पेन ड्राइव्ह लावला की त्यातल्या फायली गायब. एकाच्या डब्याची बाजूची झाकणी तर कधीच हरवली होती, आतली तारांची आतडी उघडीच. मुलांना खोलीत न्यायचं म्हणजे चपला बाहेर काढायच्या, रांगेने आत जायचं, हात न लावता बघायचं आणि बाहेर यायचं. देवदर्शनच ते. मला ते बरं वाटायचं. कुणी हात लावला नाही तर काही बिघडत नाही, आणि बिघडलं नाही तर बाईंना कुणी जाब विचारत नाही.

पण या भीतीपेक्षा माझी एक जुनी भीती आहे, रिकाम्या बाकांची. चौसाळ्याहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. माजलगावचे कारखाने एवढे जवळ, तरी मुकादम आमच्या लोकांना थेट कर्नाटकात नेतो. नवरा-बायको जातात, धाकटी पोरं बरोबर जातात, आणि त्या पोरांना सांभाळायला थोरली पोरगी जाते. दिवाळीच्या आसपास वर्गात हजेरी घेताना माझा आवाज आपोआप खाली येतो. गेलेल्या मुलींपैकी काही उन्हाळ्यात परत येतात. काही येतात त्या गळ्यात मंगळसूत्र घालून.

त्या वर्षी पावसाळ्यात मला बीडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे शिकवायला आलेली एक तरुण बाई म्हणाली, तुमचे संगणक मेलेले नाहीत, त्यांच्यात फक्त चुकीचं आणि चोरीचं भरलंय. तिने लिनक्स दाखवलं, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं. कुणीही घ्यावं, कॉपी करून शेजारच्याला द्यावं, आणि त्यात गुन्हा नाही. जुन्या यंत्रावर चालतं, मराठीत चालतं, आणि आपण लिहिलेलं मोठ्याने वाचूनसुद्धा दाखवतं. सगळं तिने एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं. एसटीत पर्स कापतात म्हणून मी तो रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि गावापर्यंत दर दहा मिनिटांनी चाचपत राहिले.

मुख्याध्यापक सरांचा चेहरा ऐकता ऐकताच उतरला.

"फुकट कावून देतील बाई ते? आज फुकट, उद्या पोलिस दारात."

"सर, पोलिस यायचेच असतील तर आत्ता आहे त्या चोरीच्या प्रतीसाठी येतील."

सर पाणी प्याले. मग म्हणाले, "एकच करा. बिघडलं तर एकच बिघडंल."

मी झाकणी नसलेला निवडला. त्याचं असंही काही खरं नव्हतं. पेन ड्राइव्ह लावला, सांगितल्याप्रमाणे बटणं दाबत गेले, आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत प्रश्न आला, की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का. इतक्या सभ्यपणे मला कुणी कधी घाबरवलं नव्हतं. हातातला माऊस घामाने निसरडा झाला. सरकारी वस्तू, माझ्या नावावर असलेली किल्ली, आणि पुसून टाकायचं! मी डोळे मिटून बटण दाबलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या यंत्रात नवी प्रणाली आली होती आणि माझं डोकं ठणकत होतं.

आता ज्या मुलीबद्दल सांगायचंय ती सातवीत होती. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. त्या संगणकासमोर पहिल्यांदा बसवली तर एका बोटाने अक्षरं शोधत तिने एक वाक्य लिहिलं आणि आवाजाचं बटण दाबलं. यंत्र सपाट सुरात म्हणालं, "आमची शेळी व्याली न्हाई." सगळा वर्ग हसला, ती पण. मी आयुष्यभर मुलांचं 'न्हाई' खोडून 'नाही' करत आले. ते यंत्र 'न्हाई'ला 'न्हाई'च म्हणालं, तोंड वाकडं न करता. त्या दिवसापासून ही मुलगी मधली सुट्टी त्याच खोलीत काढायला लागली. गोष्टी लिहायची, यंत्राकडून वाचून घ्यायची. इतरांना शिकवायची. झेंडूचं एक फूल रोज त्या डब्यावर ठेवायची. ते यंत्र तिचं, हे न सांगता ठरून गेलं.

नवरात्रात तिचे वडील शाळेत आले. बाहेर दाराशीच उभे राहिले.

"बाई, आमचं निघायचं आलं आता. थोरलीला संगं नेतो म्हन्तो."

"न्यायची कशाला? मागच्या वर्षी चुलतीकडे राहिली होतीच की."

"मागल्या वर्सी ल्हान हुती." त्यांची नजर जमिनीवर होती. "आता वयात आली पोर. मागं ठिवायची म्हंजी जिवाला घोर. अन् धाकल्याला बघाया तिकडं कुनी न्हाई."

यावर मला भाषण करता आलं असतं. पण मला स्वतःला मुलगी आहे, आणि त्या घोराचा अर्थ मला चांगला कळतो. मी म्हटलं, "भाऊ, ती संगणक शिकतेय. शाळेत सगळ्यात पुढे आहे."

"कंपुटर?" पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. "आमच्या पोरीला येतंय?"

"येतं."

"मंग दावा. खंडेनवमीला तुमी बी पूजा करता ना शाळंत? येतो कोयता घिऊन. डोळ्यानं बघतो, मंग इचार करू."

ते गेले. नवमीला वीज गेली तर? यंत्र रुसलं तर? मुलगी घाबरून गप्प राहिली तर? एका माणसाला एकदा एक पडदा दाखवायचा, आणि त्यावर एका मुलीचं वर्ष ठरणार. मी रोज सकाळी आधी ते यंत्र सुरू करून बघायची. सुरू झालं की बरं वाटायचं, पण ते तेवढ्यापुरतंच.

नवमीला मी लवकरच निघाले. शाळेच्या फाटकातून आत आले तर व्हरांड्यात ओल्या पावलांचे ठसे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी, आदल्या दिवशी माझ्याकडून किल्ली नेऊन, झाडायला खोली उघडून ठेवली होती. नळाकडून पाण्याचा आवाज येत होता.

नळाखाली तो डबा आडवा पडला होता. त्या मुलीचा. उघड्या बाजूने पाणी आत जात होतं आणि खालून काळपट होऊन येत होतं. तिचे वडील उकिडवे बसून, बाह्या वर सारून, कडुलिंबाच्या काडीने फटीफटीतली धूळ काढत होते. कीबोर्ड राखेने घासून भिंतीला निथळत लावला होता. शेजारी धुतलेला कोयता, पात्याला धार लावलेला.

खंडेनवमीला अवजार धुतल्याशिवाय पुजत नाहीत. कोयता धुतात, नांगर धुतात, ट्रॅक्टर तर पाइप लावून धुतात. या माणसाने पोरीचं अवजार कुठलं ते मावशींना विचारलं, झेंडूचं फूल बघून ओळखलं, आणि ज्या मायेने कोयता धुतला त्याच मायेने ते धुतलं.

हे मला आता कळतं. तेव्हा मी ओरडले. "अहो, काय केलंत हे! मेलं ना ते!"

ते ताडकन उठले. हातातली काडी पडली. "आत लई धूळ हुती बाई," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. सहा फुटी माणूस, उसाच्या फडात उभं आयुष्य काढलेला, आणि चिमणीएवढा झाला. "आता वो? आता काय करावं?"

तेवढ्यात मुलगी झेंडूच्या माळा घेऊन फाटकातून आली. तिने नळाकडे बघितलं, बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

पूजेला सगळे जमले. उरलेले सहा संगणक काळे पडदे घेऊन बसले होते. मला त्या तरुण बाईचं एक वाक्य आठवलं, की काही न पुसता नुसतं पेन ड्राइव्हवरूनही चालवून बघता येतं. ते मी कधी केलं नव्हतं, धाडसच झालं नव्हतं. मी रुमालातून पेन ड्राइव्ह काढला.

सर कानाशी आले. "एकाचं पानी झालं बाई. आता दुसऱ्याचं काय करता?"

मी त्यांना ओलांडून शेजारच्या यंत्रापाशी गेले. पेन ड्राइव्ह लावला, यंत्र सुरू केलं. पडदा काळा. मग काळ्यावर पांढरी अक्षरं भराभरा धावायला लागली, मला एकही कळेना. बोट चुकून कशावर पडलं आणि हेही पुसलं गेलं तर काय, या विचाराने मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. मागे उदबत्तीचा धूर, कुणीतरी खोकलं, आणि तिचे वडील दाराला चिकटून, आत यायची छाती नसल्यासारखे. मग पडदा उजळला.

मुलगी बसली. एका बोटाने लिहायला लागली. वेळ लागत होता, आणि मी मनातल्या मनात वीज मंडळाच्या पाया पडत होते. तिने आवाजाचं बटण दाबलं.

"आप्पा, घाबरू नगा. मी हाय."

तिच्या वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी आवाज कुठून आला ते बघितलं, मग पोरीच्या बोटांकडे बघितलं. पुढे आले, कोयता संगणकाशेजारी ठेवला, दोघांना हळदी-कुंकू लावलं, हात जोडले आणि निघून गेले. नेतो म्हणाले नाहीत, ठेवतो म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ओला डबा आम्ही शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवला, मावशींच्या मिरच्यांशेजारी. मुलगी वर्गात येत होती, पण रोज शेवटचा दिवस असल्यासारखी. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की फळ्यावरचा माझा खडू थांबायचा.

आणि एका सकाळी ती आली नाही. प्रार्थना चालू असताना शाळेसमोर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मागच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, फडावर राहायच्या कोपीचे बांबू, शेळ्या, माणसं. आणि सगळ्यांच्या वर ती, धाकट्याला मांडीवर घेऊन. मी फाटकाला धरून उभी राहिले.

तिचे वडील उतरून माझ्याकडे आले.

"वाळलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "अजून नाही, भाऊ."

"किती दिस लागतील?"

"सांगता येत नाही."

त्यांनी गच्चीकडे बघितलं. मुकादम ट्रॅक्टरवरून हाका मारत होता.

"म्या भिजिवलं," ते म्हणाले. "मंग वाळवायचं बी आमच्याच घरानं. पोरीला ठिवून जातो. ते चालू होस्तोवर तिला कुठं न्यायची न्हाई."

मुलीने धाकट्याला आईकडे दिलं आणि ट्रॉलीवरून खाली उतरली. वडिलांनी तिकडे पाठ केली होती. फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, लई भ्या वाटतंय वो."

"मलाही," मी म्हटलं. खरंच वाटत होतं. अजून वाटतं. ती चुलतीच्या घरी पोचेपर्यंत रोज संध्याकाळी मी फाटकात उभी असते, आणि रात्री फोन वाजला तर आधी तिचंच मनात येतं.

तो डबा दिवाळीनंतर एका दुपारी चालू झाला. आम्ही दोघी त्याच्याकडे आणि मग एकमेकींकडे बघत बसलो. पोरीच्या डोळ्यांत आनंद नव्हता, धास्ती होती.

पुढच्याच दिवशी दुपारी तिच्या वडिलांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. ती त्याच यंत्रावर काहीतरी लिहीत होती. फडातला वारा आणि कोयत्यांचे आवाज ऐकू येत होते.

"बाई, वाळलं का?"

कीबोर्डवरची तिची बोटं थांबली. मुलांनी खरं बोलावं म्हणून जन्मभर मी छड्या मोडल्यात.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "आतून अजून ओल आहे."

"आसंल, आसंल," ते म्हणाले. "लई आतपातूर पानी गेलतं. घाई करू नगा."