शेवटची चार पानं

परळच्या आमच्या वाचनालयात मी अकरा वर्षं काढली. त्या कोंदट खोलीत तुम्हाला मिळालं काय, असं लोक विचारतात. मी मूळचा तिरसट, त्यामुळे बहुतेकांना उत्तर देत नाही. खरं सांगायचं तर एकच गोष्ट मिळायची. पुस्तक परत करताना काही माणसं ते चटकन सोडत नाहीत. आपण हातात घेतलं तरी त्यांची बोटं क्षणभर त्यावर राहतात, आणि मग ती त्या पुस्तकाबद्दल काहीतरी बोलतात. त्या एका वाक्यासाठी मी ती खुर्ची सोडली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तेही बंद पडलं. जो तो वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. एकजण मोठ्याने वाचायचा, पंधराजण ऐकायचे, आणि कपाटांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. ज्यांच्या गल्लीतली पोरं गोळीबारात गेली त्यांना कादंबऱ्या कुठून सुचणार, हे मला कळत होतं. तरी राग यायचा.

कपाटातलं पुस्तक मागणारी एकच बाई उरली होती. ती आमच्याच गल्लीतल्या चाळीत राहायची. नवरा कोकणातला, गिरणीत कामाला. तिला क्षय झाला तशी शेजाऱ्यांनी वाचनालयाकडे तक्रार केली, आणि कार्यकारिणीने ठराव केला की तिच्या घरी गेलेलं पुस्तक परत घ्यायचं नाही. म्हणजे द्यायचंच नाही. ठराव मीच लिहून घेतला. तोंड उघडलं नाही.

पळवाट मात्र काढली. बाद केलेलं पुस्तक परत यावं लागत नाही. अशा पुस्तकांची पुढची-मागची पानं गळालेली असत. ती मी चांगल्या प्रतीवरून हाताने लिहून काढायचो आणि दर शनिवारी घरी जाताना पुस्तक तिच्या दारात ठेवायचो. उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. मला भीती वाटायची.

एकदा तिने आपणहून एका जुन्या कादंबरीचं नाव सांगितलं. बाद प्रतीला शेवटची चार पानं नव्हती. लिहायला बसलो, तर त्यात नायिका क्षयानेच मरते. खोकला, रक्त, सगळं अगदी बारकाईने. माझ्याच्याने लिहवेना. मी तिला बरी करून टाकली. चौथ्या पानावर ती उठून बसते, पेज मागते आणि सासूला म्हणते, मीठ कमी आहे. जन्मात मी तेवढंच साहित्य लिहिलं.

पुस्तक तिच्या दारात ठेवून आलो. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा ती बाई दाराकडे तोंड करून चटईवर पडली होती.

"भाऊ, अक्षर सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण ती मरते. मी माहेरी गिरगावात असताना वाचलंय हे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरी पानं आणून देतो, म्हणालो.

"नको. यांना वाचता येत नाही. पाळी सुटून आले की मी रोज थोडी थोडी गोष्ट सांगते. तुमचाच शेवट सांगितलाय यांना. खूश झाले. आता तुम्ही कुठे बोलू नका."

मी बोललो नाही. शेवट ठाऊक असताना तिने तेच पुस्तक का मागितलं, हे विचारायचीही हिंमत झाली नाही.

महिन्याभरात ती गेली. मी गल्लीतच होतो, पण खांदा द्यायला पुढे झालो नाही. गॅलरीतून पाहिलं आणि आत आलो.

नंतर एका शनिवारी तिचा नवरा वाचनालयात आला. टेबलाशी नेहमीची गर्दी होती, तिच्यातून वाट काढत तो थेट माझ्यापुढे उभा राहिला. खिशातून घडी घातलेली चार पानं काढली.

"मास्तर, ती सांगायची ती गोष्ट. ता शेवटचा पान वाचून दाखवा. ती बरी होता ता."

मी त्याला बसवलं आणि चारही पानं वाचली, माझ्याच अक्षरातली. मिठाशी आलो तेव्हा तो किंचित हसला.

"आमच्या हिकाय मीठ कमीच लागायचा," तो म्हणाला.

मला लाज वाटली. खोटं लिहिल्याची नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहिल्याची. आणि त्या लाजेतही आनंद झाला, ज्याने मला अकरा वर्षं खुर्चीला बांधून ठेवलं तोच आनंद. असल्या आनंदाचं करायचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. त्याने कोणाचा जीव वाचत नाही.

मी पानं पुढे केली. घेताना तो थांबला.

"आमच्या घरातला परत घेत नाय ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने पानांची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, तीच पानं घेऊन.