व्याह्यांचा आडवा पंखा

माझ्या व्याह्यांइतकं जग फिरलेला आणि त्यांच्याइतकं कमी जग पाहिलेला माणूस आमच्या सिंधुदुर्गात दुसरा मिळायचा नाही. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर इंजिन सांभाळायला होते. सगळी खंडं झाली, पण बहुतेक सगळी जहाजाच्या पोटात बसून. ब्राझील कसा आहे, असं मी एकदा मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, तर थोडा विचार करून म्हणाले, "पाणी कोमट, मास्तरानू. इंजिन थंड ठेवूक त्रास जाता." ब्राझीलचं यापलीकडे वर्णन मला आजतागायत मिळालेलं नाही.

माणसांपेक्षा यंत्रांचं बोलणं त्यांना लवकर कळतं. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना मुलाचे वडील मांडवातून नाहीसे झाले. शोधाशोध केली तर रेशमी सदरा कोपरापर्यंत सारून जनरेटरमागे उकिडवे बसलेले. त्याचा आवाज बदलला होता म्हणे. तो कुणालाच ऐकू आला नव्हता, पण व्याह्यांनी हात लावला नसता तर अक्षता अंधारात पडल्या असत्या, असं मांडववाल्यानंच नंतर सांगितलं. माझ्या कुडाळच्या घरी आले की चहाआधी स्वयंपाकघरात जातात, फ्रिजला कान लावतात आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं मला बाजूला घेऊन सांगतात, "तुमचो फ्रिज दमता." मिक्सरचा तपास ते स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कानाला टेकवून करतात. माझ्या तब्येतीची चौकशी मात्र त्यांनी कधी केल्याचं आठवत नाही. मी आवाज करत नसेन.

मुलगी-जावई पुण्याला, माझी बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा सुट्टीला गेल्यासारखा मी अधूनमधून आरोंद्याला व्याह्यांकडे जाऊन राहतो. घरामागे माड, माडांमागे खाडी, खाडीवर दगडी धक्का. निवृत्त झाल्यावर त्यांनी बावीस फुटी फायबरची मोटरबोट घेतली, मध्ये डिझेल इंजिन आणि मागे एक पंखा. ही बोट त्यांनी विहीणबाईंसाठी घेतली होती. तसं ते म्हणाले नाहीत, पण बसायच्या फळीवर उशी होती, आणि स्वतःसाठी उशी घेणाऱ्यातले ते नव्हेत.

पहिल्याच महिन्यात अपघात झाला. फेरी मारून दोघं परत येत होती. ओहोटीचं पाणी जोरात होतं, वरून वारा. एका पंख्याची बोट धक्क्याला लावताना वेग कमी केला की सुकाणू ऐकत नाही, आणि पुढचं तोंड वारा नेईल तिकडे जातं. विहीणबाई उतरायला उठल्या, हात धक्क्यावर टेकला, तेवढ्यात तोंड फिरलं आणि बोटीची कड त्यांच्या हातावर आली. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दीड महिना प्लास्टर होतं. ती बोटं अजून पुरती मिटत नाहीत. भाकरी थापताना वेगळीच उभी राहतात. त्यानंतर विहीणबाई बोटीत बसल्या नाहीत, आणि व्याह्यांनी त्यांना एकदाही बस म्हटलं नाही.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी बो थ्रस्टरचा विषय काढला. मोठ्या जहाजांना असतो तो. पाण्याखाली नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, आरपार आडवी नळी, नळीत छोटा पंखा, आणि बटण दाबलं की तो जहाजाचं तोंड डावी-उजवीकडे ढकलतो. "मागचो पंखो फुडे ढकलता, फाटी वोढता," व्याही म्हणाले. "आडवी ढकलणारो कोण? कोणच नाय." लहान बोटींसाठी बॅटरीवर चालणारे मिळतात, असं त्यांनी शोधून काढलं होतं. आमच्या खाडीत असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. गावात त्याला 'आडवो पंखो' नाव पडलं. शेजारचे एक म्हातारे मच्छीमार तर रोज धक्क्यावर येऊन विचारायचे, "माणसा होडयेची भोका बुजयतत, आनी तुमी पाडूक निघालात?"

निवडण्यातच वर्ष गेलं. जोर कमी पडला तर वाऱ्यात उपयोग नाही. जास्त घेतला तर मोटर मोठी, बॅटरी जड, तोंड पाण्यात खाली जाणार. तेव्हा वाऱ्यात बोट आडवी ढकलायला नेमका किती जोर लागतो, हे मोजायचं ठरलं. त्यासाठी त्यांनी काजूची पोती तोलायचा लटकता काटा आणला, त्याची एक बाजू बोटीच्या तोंडाला बांधली आणि दुसऱ्या बाजूची दोरी माझ्या हातात दिली. "वोढा, मास्तरानू! आता असेच धरून रवा!" छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला मी, भर दुपारी, भर वाऱ्यात, एक बोट आडवी ओढत उभा. ते काटा वाचून वहीत लिहीत होते. असे आठ दिवस. सर्वांत वाईट वाऱ्यात तीस किलो भरले. त्यांनी चाळीसचा घ्यायचं ठरवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तुमी दमल्यावर काटो कमी दाखयता."

मग नळी कुठे बसवायची? जितकी पुढे तितका जोर चांगला लागतो. पण पुढे बोटीची खोली कमी, नळी पाण्याच्या वर आली तर पंखा नुसता फेस काढणार. भरल्या बोटीची पाणरेषा मिळावी म्हणून त्यांनी आत भाताची चार पोती ठेवली, पोत्यांवर मला बसवलं आणि स्वतः कमरभर पाण्यात उभे राहून निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या. त्या खुणा त्यांनी तीनदा पुसल्या. मी तीनदा बसलो.

याच दिवसांत एकदा मी पडवीत पेपर वाचत होतो. विहीणबाई स्वयंपाकघराच्या पायरीवरून अंगणात उतरल्या. पायरी उंच, गुडघे दुखरे, त्यामुळे दाराची चौकट धरून, एक पाय, मग दुसरा. सहज मान वळवली तर व्याही माडाआड उभे, हातात घड्याळ. मला पाहून ओशाळले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "सात सेकंद. तितको येळ होडी गप रवाक व्हयी." आणि वहीत लिहायला निघून गेले. त्यानंतर मी दोरी ओढताना कुरकुर केली नाही.

त्या संध्याकाळी धीर करून मी विहीणबाईंना विचारलं, तुम्हाला बोटीची भीती वाटते का? त्या कोकमं निवडत होत्या. म्हणाल्या, "माका कसला भिया? हात काय, मोडलो आनी बरो झालो. पण होडी धक्क्याकडे येताना ह्यांचा तोंड बघवणा नाय. म्हणान मी बसणंय नाय." हे मी व्याह्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भोकं पाडायला गोव्याहून आगुस्तीन नावाचा फायबरचा मिस्त्री आला. बोट वर ओढून घेतली होती. त्यानं खुणा पाहिल्या, मापं पाहिली आणि यंत्र हातात घेऊन व्याह्यांना विचारलं, "एकदां कापलें काय परत येवचें ना. कापूं?" तीस वर्षं मोठमोठी इंजिनं उघडलेला माणूस माडाकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "काप." दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांची भोकं पडली, नळी बसली, थरावर थर चढले. चार दिवस वाळल्यावर मोटर, वेगळी बॅटरी आणि अंगठ्याएवढ्या जाड वायरी व्याह्यांनी स्वतः बसवल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

चाचणीला अर्थात मीच होतो. धक्का दहा फुटांवर आला, व्याह्यांनी डावीकडची खटकी दाबली, घर्रर्र आवाज झाला आणि बोटीनं ठामपणे उजवीकडे वळून आम्हा दोघांना तिवरांत नेऊन घातलं. धक्क्यावरचे म्हातारे मच्छीमार खाली बसून हसले. दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण व्याही दुपारी जेवले नाहीत. "आगबोटी चालयलंय मी," एवढंच म्हणाले.

वायरी सरळ झाल्यावर बोट कपाटाच्या खणासारखी आडवी सरकत धक्क्याला लागू लागली. तरी ते विहीणबाईंना बोलवेनात. आज वारा नाही, उद्या ओहोटी नाही. सोप्या दिवशी जमलं तर ते जमलं असं त्यांना वाटेना. पंधरा दिवस आम्ही दोघंच खाडीत येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी एका सकाळी, ओहोटी जोरात, वारा माड वाकवतोय, आणि विहीणबाई पदर खोचून धक्क्यावर आल्या. "मास्तरानू, तुमी उतरा," म्हणाल्या. "आज मी बसतंय." मी उतरलो. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, आणि उशी झटकली.

अर्ध्या तासानं बोट परत येताना दिसली. मी व्याह्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून बोटीच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाऱ्यानं ते फिरायला लागलं, घर्रर्र झालं, परत जागेवर आलं. आणखी एकदा. मग बोट धक्क्याला टेकली आणि टेकूनच राहिली. मी दोरी घातली आणि आधाराला हात पुढे केला. विहीणबाई उठल्या नाहीत.

"उतर गो," व्याही म्हणाले. "होडी गप आसा. सावकास उतर."

"घराकडे काय काम आसा माका? जेवाण करून इलंय. आजून एक फेरी मारूया."

"खंय?"

"खंयय."

व्याही गोंधळले. परत कसं यायचं याचाच विचार दोन वर्षं केला होता. जायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्या वहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरी सोडली.

बोट खाडीच्या मुखाकडे निघाली. मी धक्क्यावर बसून राहिलो. इंजिनाच्या घरघरीतूनही विहीणबाईंचा आवाज पाण्यावरून येत होता. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं, पण थांबत नव्हत्या; आणि व्याही, इंजिनाकडे पाठ करून, ऐकत होते.