बोथ्याच्या घाटातले मेंबर

खामगावहून बुलढाण्याला जाणाऱ्या एस.टी.त ते मला नेहमी भेटत. बोथ्याचा घाट लागला की टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि खिडकीतून जंगल पाहत बसायचे. मोर आडवा आला की ड्रायव्हरला म्हणायचे, "थांब बे, त्याले जाऊ दे अगुदर." तोही हसून थांबायचा.

पंचायत समितीला उभे राहिले तेव्हा याच माणसाने गावोगाव सांगितलं, "मले निवडून द्या, राखीव जंगल तोडीले खुलं करून देतो." ते निवडून आले, मेंबर झाले, आणि दिलेल्या शब्दालाही जागले. एका उन्हाळ्यात घाटाचा उतार बोडका झाला.

त्यानंतर ते खिडकीशी बसेनात. घाटात डोळे मिटून घेत. एकदा एक बाई कौतुकानं म्हणाली, "भाऊ, तुमच्यापायी घरात सरपण आलं." त्यांनी हात जोडले, पण डोळे उघडले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत लोकांनीच आग्रहानं त्यांना पुन्हा उभं केलं. प्रचाराच्या सभेत ते म्हणाले, "मले मत देऊ नका. मतासाठी म्या जंगल खाल्लं. दुसरा कोनी बरा माणूस पाहा."

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाहा, किती साधा माणूस हाय!" माझ्या शेजारचा म्हणाला.

ते पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले. मिरवणुकीत लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मान खाली घालून ते सारखे म्हणत होते, "उतरवा रे मले, मी लायक नाही." लोकांना तो त्यांचा विनयच वाटला. त्यांनी आणखी गुलाल उधळला.