समोरचं शटर दहाला उघडतं

भुजंग मिस्त्रीच्या नजरेत महांतेश पहिल्यांदा भरला तो तेल हुंगताना. पूर्णा गावात, चुडाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भुजंगच्या गॅरेजच्या अगदी समोर त्याने नवं गॅरेज टाकलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात इस्त्रीचा शर्ट. एका गाडीच्या गिअरबॉक्समधली तेल मोजायची दांडी त्याने पांढऱ्या फडक्यावर पुसली, फडकं उन्हात धरून तेलाचा रंग पाहिला आणि मग अत्तरवाल्यासारखं ते नाकाशी नेलं.

"तेल हुंगायलाय का गुलाबपाणी?" भुजंग म्हणाला.

त्याची बायको बायनाबाई डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुमी तर डोळ्यानं त्यालाच हुंगायलाव."

खोटं नव्हतं ते. त्या दिवसापासून भुजंगचा एक डोळा हातातल्या पान्यावर आणि दुसरा रस्त्यापलीकडे असायचा. क्लचच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा म्हणून त्याचं नाव सोनपेठेपर्यंत होतं. पण आता क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आल्या होत्या आणि त्या सगळ्या समोर वळायच्या. "बिनक्लचची गाडी म्हंजे बिनलगामाचं घोडं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. खरी गोष्ट अशी की त्या गाड्या त्याला कळत नव्हत्या. त्याला महांतेशच्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटे, पांढऱ्या फडक्याचा वाटे, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या माठाचासुद्धा वाटे.

एकच समाधान होतं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय महांतेश पान्याला हात लावत नसे. त्याचं शटर दहाला उघडायचं. भुजंग तोवर कामाला लागून दमलेला असे. "समोरच्याचा देव उठंस्तोवर माझ्या दोन गाड्या होत्यात," तो म्हणायचा.

चुडाव्याचे दत्तराव त्यांच्या वडिलांच्या जीपपासून भुजंगचे गिऱ्हाईक. गेल्या हिवाळ्यात त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ते आता कुणाकडे जाणार, या विचाराने भुजंगला घास गोड लागत नव्हता. आणि एका सकाळी ती गाडी त्याच्याच दारात थांबली.

"भुजंगा, गिअरचा दांडा डीवर टाकला की गाडी जरा वेळ हलतच न्हाई. मंग असा धक्का देऊन निघती की घरवाली सरजाबाई म्हनती, मी पायीच येते."

भुजंगची छाती फुगली. इंजिनचं तेल कसं मोजायचं? गाडी बंद करायची, तेल खाली बसू द्यायचं, मग दांडी काढायची. आयुष्यभर तो हेच करत आला होता. त्याने गाडी बंद केली, दत्तरावांना चहा पाजला आणि गिअरबॉक्सची दांडी काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं.

"तेल भरपूर हाय. खराबी आतली हाय, मालक. गिअरबॉक्स खोलावा लागंल."

दत्तरावांचा चेहरा उतरला. नेमकं तेव्हाच समोरचं शटर खडखडत वर गेलं. "खोलायच्या आधी समोरच्या महांतेशअप्पाला एकदा दाखवू का?"

"दाखवा की. गाडी तुमची." भुजंगने स्वच्छ हात पुन्हा पुसले.

दत्तरावांनी गाडी पलीकडे नेली असती तरी भुजंगला चाललं असतं. त्यांनी महांतेशलाच इकडे हाक मारली. त्याने एक फेरी मारून गाडी गरम केली, सपाट जागी लावली, ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका जागी थांबवत सगळीकडे फिरवला आणि परत पार्किंगवर आणला. मग इंजिन चालूच ठेवून तेलाची दांडी काढली. तेल जेमतेम टोकाला लागलेलं.

"ह्या गाडीचं माप गरम झाल्यावर, चालू इंजिनावर घेत्यात," तो हळू म्हणाला. "बंद केली की तेल खाली उतरतंय अन् दांडी भरल्यावानी दिसती." त्याने फडकं हुंगलं. "जळालं न्हाई. गळायलंय कुठंतरी." खाली वाकला तर रेडिएटरकडे जाणारा पाइप ओला होता.

आता गेली गाडी रस्त्यापलीकडे, भुजंगच्या मनात आलं. दत्तरावांनी इंजिन बंद करून किल्ली पुढे केलीही होती.

महांतेशने ती घेतली नाही. "पाइप बदलायचा अन् ह्याच जातीचं तेल भरायचं. ते भुजंगमामा करत्यात. तुमी त्यांचे जुने गिऱ्हाईक हाव." आणि तो रस्ता ओलांडून गेला.

भुजंगने पाइप बदलला, तेल भरलं. गाडी लोण्यासारखी निघाली आणि दत्तराव खुशीत गेले. भुजंगला मात्र वाटत राहिलं, की वडिलांपासूनचं आपलं गिऱ्हाईक आज समोरच्याने आपल्याला दान दिलं. त्याने हिसकावून नेलं असतं तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"चांगला मानूस हाय की," संध्याकाळी बायनाबाई म्हणाली.

"चांगलाच हाय," भुजंग म्हणाला. "त्याचीच तर आग होती."

दत्तरावांची गाडी अजून भुजंगकडेच येते. आता बाकीच्याही चार-दोन ऑटोमॅटिक गाड्या येतात. भुजंग त्या फिरवून गरम करतो, चालू इंजिनावर दांडी काढतो, पांढऱ्या फडक्यावर पुसतो आणि हुंगतो. मात्र हे सगळं तो समोरचं शटर उघडायच्या आत उरकून घेतो.